अ‍ॅलर्जीची गोळी आणि भावाचा ल्युकेमिया

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया झाला होता. केमोथेरपी संपून चार महिने झाले, आजार आटोक्यात आहे. शिंका येतात म्हणून तो सेट्रिझिन घेतो. अंगात शिंका-खाज आणणाऱ्या हिस्टामीन या रसायनामुळे ल्युकेमियाच्या पेशी वाढतात असं एक जण म्हणतो, तर दुसरा म्हणतो हिस्टामीन हेच त्यावरचं औषध. गोळीचं काय करायचं?

उत्तर : गोळी मनानं बंद करू नका. पुढच्या तपासणीला भावाच्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, अगदी अ‍ॅसिडिटीच्यासुद्धा. त्या कशाला, ते सांगतो.

मी ३० वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचा पाहिल्या. भावाच्या आजाराहून वेगळ्या, दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. जांभळ्या-काळ्या दाण्यांनी इतक्या गच्च भरलेल्या पेशी, की केंद्रक शोधावं लागतं. त्या दाण्यांत हिस्टामीन असतं. ते पाहून आम्हालाही तरुणपणी वाटायचं, आजाराला खतपाणी घालणारा हाच!

पण ज्यांच्यात हिस्टामीन तयार करणारं विकरच नाही, अशा उंदरांत कच्च्या मायलॉइड पेशी (ज्या पांढऱ्या पेशींच्या शाखेत भावाचा आजार होतो, त्या) उलट साचत गेल्या. हिस्टामीनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटून संदेश देतं त्या जागा, चार. शिंका आणि खाज एच-१ मुळे, सेट्रिझिन अडवते तेही तेच. मायलॉइड पेशींच्या बाबतीत महत्त्वाचा तो एच-२. काचपात्रात वाढवलेल्या एचएल-६० या ल्युकेमिया पेशींवरही तो असतो. त्यातून मिळणारा संदेश पेशीला वाढीपेक्षा पक्वतेकडे झुकवतो. मात्र हा रिसेप्टर लवकर बधिर होतो.

तुमचा दुसरा सल्लागारही हवेतलं बोलत नव्हता. काही मायलॉइड पेशी ऑक्सिजनचे मुक्त कण सोडून एनके पेशींना, म्हणजे आपल्या पहारेकऱ्यांनाच, निकामी करतात. एच-२ मार्गे हिस्टामीन ते थांबवतं. म्हणून इंटरल्युकिन-२ या एनके पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाच्या जोडीनं हिस्टामीनची इंजेक्शनं ३२० रुग्णांच्या चाचणीत तपासली गेली. त्यातल्या, आजार पहिल्यांदाच आटोक्यात आलेल्या रुग्णांत, तीन वर्षांनी उपचार घेतलेल्यांपैकी ४० टक्के आजार न उलटता होते, न घेतलेल्यांपैकी २६ टक्के. युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळाली. एकूण आयुर्मान वाढल्याचं मात्र ठामपणे दिसलं नाही, त्यामुळे मी हुरळून जात नाही.

आता अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. फॅमोटिडीनसारखी औषधं एच-२ च अडवतात. भावाला ही इंजेक्शनं चालू असतील किंवा सुचवली असतील, तर डॉक्टरांना हे पहिल्यांदा सांगा. नसतील, तर शिंकांची गोळी नेहमीसारखी, त्यांना विचारून.