क्रियापद कुठंय?

चि. ... हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे चार कागद परवाच वाचून झाले. रात्री उत्तर लिहायला बसलो, पण रागात होतो, म्हणून सकाळवर ढकललं. राग तसा अजून गेलेला नाही. नाव मुद्दाम घातलं नाही, आपल्या कट्ट्यावर पत्रं फार फिरतात.

गेल्या काही वर्षांत गेलेल्या कलावंतांच्या आठवणींच्या कार्यक्रमाचं निवेदन तुझ्याकडे आलं, ते बरंच झालं. शेवटी पेन्सिलीने लिहिलंयस, ‘काका, ज्यांना मी रंगमंचावर कधी पाहिलंच नाही, त्यांच्याविषयी बोलायचा मला काय हक्क?’ हक्काचं मागाहून बघू. आधी सांग, या चार कागदांत क्रियापद कुठंय?

मोजलं मी. अष्टपैलू तीनदा, हरहुन्नरी दोनदा, दिलखुलास चारदा. ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ तर प्रत्येकाच्या शेवटी. एवढ्या पोकळ्या खरंच पडल्या असत्या ना, तर आपलं ठाण्याचं गडकरी रंगायतन केव्हाच समोरच्या मासुंदा तलावात बसलं असतं. आणि क्रियापदं कोणती? जन्मले, पदार्पण केलं, पुरस्कार मिळाला, काळाच्या पडद्याआड गेले. अगं, जन्मायला आणि मरायला नट असावं लागत नाही. मधे काय केलं त्यांनी?

अच्युत पोतदारांचं घे. १८ ऑगस्ट २०२५ ला इथेच, ठाण्यात गेले. तू लिहिलंस, ‘एका मीममुळे घराघरांत पोहोचले’. लष्करात कॅप्टन होते, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी केली, आणि चाळिशी उलटल्यावर सिनेमात आले. ती सगळी वर्षं तू ‘बहुआयामी’त कोंबलीस. बरं, मीमच घेऊ. ‘थ्री इडियट्स’मधला तो ‘कहना क्या चाहते हो’वाला वर्ग पुन्हा बघ, आवाज बंद करून. हा माणूस हसवायला जातच नाही. वैतागतो. रोज तोच धडा शिकवणारा मास्तर जसा वैतागेल, तसा मनापासून. वैतागतो, हे झालं क्रियापद. हे लिहायला तुला कोणाची परवानगी हवी होती?

जयंत सावरकर जुलै २०२३ मध्ये गेले, तेही ठाण्यातच. तुझ्या कागदावर आधी २०१७ च्या उस्मानाबादच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद, मग वय, आणि त्यांनी केलेला तळीराम पार तळाला. ज्या गडकऱ्यांचं नाव त्या थिएटरला दिलंय, त्यांच्याच ‘एकच प्याला’तला तळीराम! त्याला वर आण. अध्यक्ष दरवेळी कोणीतरी होतोच.

विक्रम गोखले २६ नोव्हेंबर २०२२ ला गेले. त्याआधीच लोकांनी त्यांना श्रद्धांजली वाहून टाकली होती, शेवटी घरच्यांनाच सांगावं लागलं की ते अजून आहेत. असं होतं कारण मजकूर तयार असतो. विशेषणं लिहायला माणूस जायची वाट बघावी लागत नाही. त्याच गोखल्यांनी २०१६ मध्ये घशाच्या त्रासामुळे नाटक सोडलं, तुझ्याकडे त्याची ओळसुद्धा नाही. ‘थांबले’ हेही क्रियापदच असतं गं. नटाच्या बाबतीत तर मोठं.

मी एवढा का तडतडतोय, तेही सांगतो. मी पेपरात असताना आमच्या नौपाड्यातले एक ऑर्गनवादक गेले. संगीत नाटकांना साथ करायचे. त्यांच्या खिडकीखालून मी बारा वर्षं स्टेशनला गेलो. एकदा वर बोलावून चहा दिला होता. बोलता बोलता वाजवत होते. त्या पेटाऱ्यातली एक पट्टी दाबली की खालीच अडकायची, आणि ते वाजवता वाजवताच करंगळीच्या नखाने ती वर उचलायचे. सूर तुटायचा नाही. मी बघतोय हे कळल्यावर लाजले होते.

ते गेले तेव्हा बारा ओळी मी लिहिल्या. ‘संगीत रंगभूमीचा मूक साधक’. चौथ्या दिवशी त्यांच्या पत्नी कात्रण घेऊन दारात. म्हणाल्या, ‘छान लिहिलंत हो. पण ह्यांनी केलं काय, ते राहिलं.’

आता तूच सांग, रात्री साडेअकराला पान सोडायचं, वरिष्ठ डोक्यावर उभे, जागा बारा ओळींची. कोणीही तेच लिहिलं असतं. आणि मूक होतेच की ते. शिवाय घरची माणसं कुठल्याच लेखावर खूश नसतात, हेही मी बघितलंय. तरीपण करंगळीला एक ओळ पुरली असती. ‘मूक साधक’ काढला असता तर मावलीही असती. पुढे मी पानावरची विशेषणं खोडायला लागलो तेव्हा सगळे मला खडूस म्हणायचे. म्हणू देत.

तुला कोणाकडूनही ऐकून लिहिता येईल, फक्त विचारताना ‘ते कसे होते’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर ‘फार मोठा माणूस’ एवढंच येतं. ‘ते काय करायचे’ असं विचार. समोरचा आधी गप्प होतो, मग हात हलवून दाखवायला लागतो. तो हात लिही.

प्रिया मराठेवर तू दोनच ओळी लिहिल्यास, आणि त्यातही ‘अकाली’ दोनदा. अडतिसाव्या वर्षी गेली, लोकांना कळतं ते. तुझी आजी ‘पवित्र रिश्ता’ एक दिवस चुकवत नसे, तूच सांगितलं होतंस. आजीला विचार, त्यातली प्रियाची वर्षा चिडली की काय करायची. करून दाखवेल ती.

रविवारी दहाला तलावपाळीला ये, गडकरीसमोरच्या बाकावर. कागद कोरे आण, पेन माझ्याकडे आहे.

तुझा,
काका