बोलून कर्ज फिटते का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहे, वय ३८. गेल्या हंगामात सोयाबीन हाती आले नाही आणि पीककर्ज थकले. तेव्हापासून झोप लागत नाही, वावरात जावेसे वाटत नाही आणि पारावर बसणे तर मी सोडूनच दिले आहे. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर ‘सीबीटी’ नावाचा बोलण्याचा उपचार सुचवला आहे. बोलून माझे कर्ज फिटणार आहे का?

उत्तर : नाही, कर्ज फिटणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिले तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र तुमच्या पत्रात कर्जाखेरीज आणखी एक ओझे दिसते, आणि हा उपचार त्यासाठी आहे.

सीबीटी म्हणजे विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणारी उपचारपद्धती. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. नैराश्याच्या रुग्णांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी कडवट विचार आपोआप येतात आणि ते न तपासताच खरे मानले जातात, हे त्यांच्या लक्षात आले.

पाराचेच उदाहरण घेऊ. तुम्ही समोरून जाता, तिथे कोणीतरी हसते आणि तुमच्या मनात येते, ‘मले पाहूनच हासले.’ लगेच छाती धडधडते, मान खाली जाते आणि तुम्ही घरी परतता. प्रत्यक्षात घडले ते एवढेच की कोणीतरी हसले. बाकीचे मनाने जोडले. समुपदेशक तुम्हाला वहीत रकाने आखून हा प्रसंग, तो विचार, शंभरपैकी किती लाज वाटली, त्या विचाराच्या बाजूने काय पुरावा आहे आणि विरुद्ध काय, हे लिहायला सांगतील. त्या पारावर बसलेल्यांपैकी किती जणांचे सोयाबीन गेले, हा प्रश्न बहुधा तिथेच निघेल. याला ‘चांगले विचार करा’ असा उपदेश समजू नका. तो उपदेश दुखणाऱ्या माणसाला अधिकच एकटे पाडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कर्ज थकले आहे’ हा विचार खरा आहे आणि तो कोणी खोडणार नाही. कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करायला बँकेत कोणत्या दिवशी जायचे, हे त्यातून ठरवले जाईल. तपासायचा तो त्याला चिकटलेला निकाल, ‘म्हणून मी नालायक आहे’ हा.

दुसरा भाग वर्तनाचा आहे. मन लागले की कामाला लागू, असे आपण म्हणतो. नैराश्यात मन लागण्याची वाट पाहत माणूस आणखी खचतो, म्हणून इथे क्रम उलटा असतो. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी फक्त धुऱ्यापर्यंत जाऊन यायचे, एवढेही पुरते. याच तत्त्वावरचा ६ ते ८ भेटींचा उपचार गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी दिला. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना त्याचा नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक फायदा झाल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

पूर्ण सीबीटीला साधारण १२ ते २० भेटी लागतात, बहुतेक वेळा आठवड्याला एक. दर आठवड्याला एसटीने जाणे जमणार नसेल, तर पहिल्याच भेटीत तसे सांगा, म्हणजे काही भेटी फोनवर होऊ शकतील का, हे ठरवता येईल. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी विचारणे माझे कर्तव्य आहे. जीव नकोसा झाल्याचा विचार कधी मनात येतो का? येत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता घरच्यांना सांगा आणि १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर फोन करा, ही सरकारी सेवा मोफत असून दिवसरात्र सुरू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. आणि विचार येत असो वा नसो, फवारणीची औषधे घरात न ठेवता आजच भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या.