कंपनी बुडाली, वसाहत तगली

प्रश्न : १६०६ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून सनद मिळालेली व्हर्जिनिया कंपनी अवघ्या १८ वर्षांत मोडीत निघाली, पण तिने उत्तर अमेरिकेत वसवलेली व्हर्जिनिया वसाहत टिकली. भागधारकांना नफा नाही आणि वसाहतीत माणसे मरत होती, तरी हे कसे घडले? ‘तंबाखूमुळे’ एवढे उत्तर पुरेसे आहे का?

उत्तर : तंबाखूचा वाटा मोठा आहेच, तथापि माझ्या मते त्याहून निर्णायक ठरली ती जमिनीची मालकी.

मे १६०७ मध्ये जेम्स नदीच्या काठी उतरलेल्या शंभरएक पुरुषांना आणि मुलग्यांना कंपनीने सोने आणि पश्चिमेकडील समुद्राचा मार्ग शोधण्यास सांगितले होते. त्यांनी वसवलेल्या जेम्सटाउन गावाची जागा दलदलीची, पिण्याचे पाणी मचूळ, आणि ती वर्षेही कडक अवर्षणाची निघाली. त्यामुळे इंग्रजांना तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांच्या मक्यावर विसंबून राहावे लागले. त्यांच्याशी संबंध बिघडताच १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने गाव जवळजवळ ओस पडले आणि जेमतेम साठ माणसे वाचली. जून १६१० मध्ये उरलेले लोक जहाजांत बसून निघालेही होते, पण नदीतच त्यांना नवे गव्हर्नर लॉर्ड डी ला वॉर यांची कुमक येत असल्याचे कळले आणि ते माघारी फिरले. ही गाठ पडली नसती, तर १५८७ च्या, पुढे नाहीशा झालेल्या रोअनोक या इंग्रज वसाहतीप्रमाणे हाही एक फसलेला प्रयत्न म्हणूनच नोंदला गेला असता.

या काळात जमीन कंपनीच्या ताब्यात होती आणि धान्य सामाईक कोठारातून मिळत असे, त्यामुळे जास्त राबणाऱ्याच्या पदरात जास्त काही पडत नव्हते. वसाहतीतले जॉन रॉल्फ यांनी १६१२ च्या सुमारास वेस्ट इंडीजकडील तंबाखूची लागवड करून विकता येईल असे पीक दिले. ते घेण्यासाठी माणसे आणण्याची सोय १६१८ च्या नियमाने झाली. जो प्रवासखर्च भरेल, त्याला आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळू लागली. रोकड नसलेली कंपनी आता जमिनीच्या रूपाने मोबदला देत होती, आणि ती जमीन तिच्या मालकीची नव्हतीच, ती पोव्हाटनांची होती, हे विसरता कामा नये. फायदा मुख्यतः खर्च भरणाऱ्याचा झाला. स्वतःच्या खर्चाने येऊ न शकणारे गरीब इंग्रज बहुधा चार ते सात वर्षांच्या करारावर त्याच्याकडे राबत.

तंबाखू जमिनीचा कस लवकर शोषून घेतो, म्हणून मळे नदीच्या काठाकाठाने पसरत गेले. २२ मार्च १६२२ रोजी पोव्हाटनांनी केलेल्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मारले गेले, त्यानंतर दीर्घ युद्ध पेटले आणि १६२४ मध्ये राजाने सनद रद्द करून कारभार हाती घेतला. कंपनी गेली, पण माणसामागे जमीन देण्याची पद्धत राहिली, आणि १६१९ मध्ये प्रथम भरलेली प्रतिनिधिसभाही मळेवाल्यांनी टिकवून धरली.

त्याच १६१९ मध्ये वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील पॉइंट कम्फर्ट येथे उतरवून विकले गेले होते. पुढे गुलाम आणणाऱ्यांनीही आणलेल्या प्रत्येक गुलामामागे स्वतःसाठी जमिनी मागितल्या, आणि १६६२ मध्ये प्रतिनिधिसभेनेच मुलाचे स्वातंत्र्य किंवा गुलामी आईच्या स्थितीवरून ठरेल असा कायदा केला.