गॅलरीतली बाग: तुमचे प्रश्न

प्रश्न: ताई, आम्ही घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, गॅलरी दक्षिणेला. दसऱ्याला घरचा झेंडू हवा म्हणून जुलैमध्ये बी टाकलं तर रोपं नुसती काडीसारखी उंच झालीयत, कळीचा पत्ता नाही. नर्सरीवाला म्हणतो खत कमी पडतंय. कुठलं टाकू?

उत्तर: कुठलंच नको. रोपं उपाशी नाहीयेत हो, त्यांना ऊनच मिळालं नाही. आपल्याकडे मुंबई-ठाण्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो दिवस, मेच्या मध्यात येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य चक्क जरासा उत्तरेला असतो, म्हणजे तुमच्या बिल्डिंगच्या पाठीमागे, वरून वरच्या मजल्याचा स्लॅब आणि त्यात पावसाचे ढग, मग झेंडू बिचारा उजेड शोधत मान लांब करणारच. पण आता सप्टेंबर संपत आला की सूर्य दक्षिणेला सरकतो, डिसेंबरात तर तुमच्या हॉलमध्ये सोफ्यापर्यंत ऊन येत असेल. तुमचा सीझन आता सुरू होतोय! ही रोपं काढून टाका, नर्सरीतून ताजी आणा, झेंडू, पिटुनिया, डायांथस, अगदी गुलाबसुद्धा, फेब्रुवारीपर्यंत मजा करा. दसऱ्याचा झेंडू यंदा ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारातून आणा, त्यात कमीपणा नाही. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी बिगोनिया किंवा कॅलेडियम लावा, कॅलेडियमचे कंद थंडीत झोपतात आणि पावसाळ्यात पानं काढतात, म्हणजे तुमच्या गॅलरीच्या बरोब्बर उलट टाइमटेबल.

प्रश्न: नेरुळला पहिल्या मजल्यावर आहोत. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये फुललेली शेवंती आणली, रोप मस्त हिरवंगार आहे, ऊनही भरपूर, पण परत एकही फूल नाही. नर पडलंय का?

उत्तर: नर-बिर काही नाही, शेवंतीत तसं नसतं. मला एक सांगा, गॅलरीसमोर सोसायटीचा लाइट आहे का? बहुतेक असणार, पहिला मजला म्हणजे खांबाच्या डोक्याशीच. शेवंती रात्र मोजते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस साधारण सव्वा १३ तासांचा असतो, डिसेंबरात ११ तासांचा, आणि रात्र लांबत गेली की तिला कळतं, चला आता कळ्या धरू. रात्रभर समोर एलईडी जळत असेल तर तिच्या लेखी अजून जूनच चाललाय, नुसती पानं काढत बसते. मोठे शेतकरी फुलं उशिरा हवी असली की मुद्दाम शेतात रात्री बल्ब लावतात, तुमच्याकडे ते काम सोसायटी फुकटात करतेय. माझ्याकडेही एक वर्ष असंच झालं आणि मी तिला उगाच केळीच्या सालींचं पाणी पाजत बसले होते.

तर आता रोज संध्याकाळी सहाला कुंडीवर पुठ्ठ्याचा मोठा खोका उपडा घालायचा आणि सकाळी आठला काढायचा, सहा-सात आठवडे तरी, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. एक दिवस केलं एक दिवस विसरलं असं नको. रात्री अंधार असलेली ड्राय बाल्कनी असेल तर कुंडी तिथे नेऊन ठेवली तरी चालेल, फक्त दिवसा ऊन हवं. शेंडे आता अजिबात खुडू नका, ते काम ऑगस्टपर्यंतचं.

प्रश्न: वाशीहून. मोगरा मे महिन्यात कळ्यांनी भरलेला आणला होता, आता फक्त पानं. छाटू का?

उत्तर: आत्ता नको. जानेवारीच्या शेवटी पाणी कमी करा, उरलेली पानं काढा, फांद्या निम्म्यावर छाटा, शेणखत घाला. मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं, मार्चपासून वास सुटेल. पण पाच-सहा तास ऊन येत नसेल तर यातलं काहीच करू नका, सरळ ज्यांच्याकडे टेरेस आहे अशा मैत्रिणीला देऊन टाका आणि गजरा मागून घ्या.