पहिल्यांदाच तंबू घेऊन दोन दिवस सह्याद्रीत: पुण्याहून चौघांनी पावसाळ्यानंतर कुठे जावं, काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून, चौघांनाही सिंहगड-राजगड चढायची सवय आहे, पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन मुक्काम कधी केलेला नाही आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एक शनिवार-रविवार हाताशी आहे. हरिश्चंद्रगडला जा. खिरेश्वरच्या वाटेने चढा आणि त्याच वाटेने उतरा. पाचनईची वाट सोपी आहे, पण ती अकोले तालुक्यात उतरते. एसटीने आलेल्या पुणेकराचा रविवार मग गाड्या शोधण्यातच जातो. कोकणाच्या बाजूने चढणाऱ्या नळीच्या वाटेचे व्हिडिओ पाहिले असतील तर सध्या विसरा. तिथे दोर लागतो आणि जाणती माणसंही लागतात.

दोन महिन्यांपैकी निवड करायची तर नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात परतीचा पाऊस दुपारनंतर विजांसह येतो आणि या वाटेचा वरचा भाग उघडा माळ आहे. तिथे विजेपासून आडोसा मिळत नाही. शिवाय गवत छातीपर्यंत वाढलेलं असतं, त्यात मूळ वाट आणि ढोरवाटा सारख्याच दिसतात. कोजागिरी आणि दिवाळीच्या सुट्टीतले शनिवार टाळा, गडावर अक्षरशः जत्रा असते.

वाकडेवाडीच्या शिवाजीनगर स्थानकावरून नारायणगावमार्गे नाशिककडे जाणारी एसटी धरा आणि आळेफाट्याला उतरा. तिथून माळशेजमार्गे कल्याणला जाणारी गाडी ओतूरवरून खुबी फाट्याला सोडते. फाट्यापासून खिरेश्वर पाचेक किलोमीटर, पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून. शुक्रवारी रात्री गावात मुक्काम केलात तर शनिवारी सातला चालायला लागता येईल, आणि तेच करा. सकाळी पुण्याहून निघालात तर खिरेश्वर सोडायला अकरा वाजतील आणि चढ भर उन्हात येईल.

गावातून तोलार खिंड ओझ्यासह दीड तास. खिंडीत वाघाचं शिल्प कोरलेला दगड आहे. तिथे सरळ जाणारी वाट पलीकडे कोथळ्याकडे उतरते, तुम्ही डावीकडे वळायचं. लगेच कातळटप्पा लागतो, त्याला रेलिंग आहे. रेलिंगला लटकू नका, तोल सावरण्यापुरताच हात लावा. पिशवी पाठीवर असताना शरीर मागे ओढलं जातं, म्हणून छातीचा पट्टा इथे घट्ट हवा आणि बाहेर लटकवलेलं काही नको. बाहेर अडकवलेली मॅट रेलिंगमध्ये गुंतते आणि माणूस दचकतो. त्यानंतर टेकाडांची चढउतार अडीच-तीन तास चालते, बहुतेकांची दमछाक इथेच होते. एकामागून एक टेकाड संपतच नाही. धुकं आलं आणि पायाखालची वाट गवतात विरली, तर पुढे न जाता शेवटची खात्रीची खूण दिसली होती तिथे परत या.

लोक थंडीच्या धाकाने कपडे भरतात आणि फसतात ते पाण्यावर. तोलार खिंडीपासून मंदिरापर्यंत भरवशाचं पाणी धरू नका. माणशी तीन लिटर गावातूनच भरून घ्या, एकच मोठी बाटली नेण्यापेक्षा एकेक लिटरच्या तीन. एक फुटली तरी दोन उरतात. दोन लिटर प्यायला, एक राखीव, आणि पहिल्या तासातच ओआरएसचं एक पाकीट. गडावर हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराजवळ कातळात खोदलेली टाकी आहेत. त्यातलं पिण्याचं टाकं कोणतं ते तिथल्या झोपडीवाल्यांना विचारा. ते पाणीही उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात लोक शिवलिंगापर्यंत चालत जातात, ते पिऊ नका.

थंडीचा हिशेब सोपा आहे. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे ५६० मीटरवर, गड १,४०० मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्यापेक्षा पाच-साडेपाच अंश कमी. पुण्यात रात्री १५ असेल तर वर १० धरा. त्याला १० अंशांची स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि एक लोकरी थर पुरतो. अंगाखालची फोमची मॅट मात्र विसरू नका, थंडी जमिनीतून येते.

पिशवी ४५ ते ५० लिटरची. भरलेलं वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. ६० किलोच्या माणसाला १२ किलो, त्यात पाणीच तीन किलो. स्लीपिंग बॅग तळाशी, तंबू आणि शिधा पाठीला चिकटून खांद्यांच्या मधोमध, हलकं बाहेरच्या बाजूला. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की पिशवी मागे खेचते आणि खांदे भरून येतात. घालताना सगळे पट्टे सैल करा. आधी कमरपट्टा कमरेच्या हाडावर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी छातीचा. अर्ध्याहून जास्त भार कमरेने उचलायला हवा. दुकानात रिकामी पिशवी घालून बघणं व्यर्थ आहे, आत दहा किलो टाकायला सांगा.

तंबू दोघांचा एक, असे दोन. कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या सरळ तुटलेल्या कड्याच्या, काठावर लावायचा मोह होतो. लावू नका. खालून येणारा वारा तंबू उचलतो आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाला अंधारात काठ कळत नाही. मंदिराजवळच्या बाजूला, वन खात्याची आणि गावकऱ्यांची परवानगी असेल तिथेच जागा घ्या. माती चार बोटं आणि खाली कातळ, त्यामुळे खुंट्या वाकतात. तंबूची दोरी लहान दगडाला बांधून त्यावर मोठा दगड ठेवा, पण मंदिराच्या किंवा पडक्या बांधकामाच्या चिऱ्याला हात लावू नका. सकाळी आतलं कापड ओलं दिसलं की लोक तंबू गळतो म्हणतात. ते दव आणि तुमच्याच श्वासाची वाफ. झडपा उघड्या ठेवा, बाहेरचं कापड ताणून आतल्यापासून सुटं ठेवा.

शेकोटी नको. हा अभयारण्याचा भाग आहे आणि नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं, ठिणगीने वणवा लागतो. कड्यांवर आग्या मोहळं असतात, धुराने आणि अत्तराने माश्या उठतात. छोटी गॅस शेगडी आणि २३० ग्रॅमचा एक डबा चौघांना पुरतो, फक्त वाऱ्याला आडोसा करा, नाहीतर गॅस दुप्पट जळतो. शेगडीला डब्यासकट चहूबाजूंनी वेढू मात्र नका, डबा तापतो. रात्री खिचडी: तांदूळ ३०० ग्रॅम, मुगाची डाळ २०० ग्रॅम, पाणी दोन लिटर. इतक्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवा. तूरडाळ आणू नका, बिनकुकरची लवकर शिजत नाही. दुपारी पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी घरून भाजून आणलेल्या रव्याचा उपमा. खरं तर एक जेवण गडावरच्या झोपडीत पिठलं-भाकरीचंच घ्या, ओझं हलकं होतं आणि चार पैसे गावात राहतात.

सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, तेव्हा साडेपाचपर्यंत तंबू उभा आणि पाणी भरलेलं हवं. माणशी एक हेडटॉर्च. मोबाइलचा उजेड हात अडकवतो. कडा बघायला सकाळी ऊन आल्यावर जा आणि काठावर पालथं पडूनच वाका. उन्हं पाठीशी आणि कोकणात धुकं असलं तर इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य, दिसायची शक्यता तेव्हाच असते.

रविवारी दहाला उतरायला लागा. कातळटप्प्यावर तोंड कड्याकडे करून, एका वेळी एकाने. दुपारी तीनपर्यंत खुबी फाटा गाठलात तर आळेफाट्याची गाडी मिळते. पुढे चाकणला रविवारी संध्याकाळी वाहतूक तुंबते, म्हणून जेवणासाठी नारायणगावलाच थांबा.