मोटर बदलण्यापूर्वी मोटरपर्यंतचा रस्ता तपासा

आपला प्रश्न असा आहे: जुन्या सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटची हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) बसवली, चाक उचलून धरले की ते उत्तम फिरते, पण माणूस बसून थ्रॉटल पिळताच सायकल दोन हिसके देऊन थांबते, डिस्प्ले विझतो आणि थ्रॉटल सोडला की पुन्हा उजळतो. बॅटरीची वीज मोटरला हवी तेवढी सोडणारा कंट्रोलर दोनदा बदलून झाला आणि आता दुकानदार मोटर बदलायला सांगतो आहे, तर बदलावी का?

बदलू नका. मी गेली २२ वर्षे इचलकरंजीत यंत्रमागाच्या मोटरींचे वाइंडिंग करतो आणि या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकलो आहे की, मोटर खोलण्याआधी तिच्या दारापर्यंत वीज पोहोचते की नाही ते पाहावे. मोकळे चाक सुरळीत आणि आवाज न करता फिरत असेल, तर मोटर जळलेली असण्याची शक्यता फार कमी आहे. मोटर हा या सायकलमधला सर्वांत टिकाऊ भाग आहे आणि नेमका तोच सर्वांत आधी बदलायला सांगितला जातो, याचा मला मनापासून राग येतो. त्यामागे कारणही आहे.

२०२१ साली मी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, अशीच सायकल तयार केली होती. त्यांची काळी, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची सायकल मी शाळेत असल्यापासूनची. आमचे घर शिरोळ तालुक्यात असून तिथून मळा पाच किलोमीटरवर आहे. गुडघे दुखू लागल्यापासून अण्णांना पायडल मारवत नव्हते, पण सायकल सोडायची त्यांची तयारी नव्हती. मी मोटर पुढच्या चाकात बसवली, चिमट्याच्या खाचा कानशीने घासून आसाच्या मापाच्या केल्या, आस फिरून वायरी तुटू नयेत म्हणून जाड लोखंडी पट्टीचा टॉर्क आर्म लावला आणि बॅटरीची पेटी कॅरिअरवर बसवली. सगळे झाल्यावर अण्णा म्हणाले, "याला चावी नाही का? मळ्यावर सायकल उभी असते, कुणीही पोर हँडल पिळील." त्यांचे म्हणणे रास्त होते, म्हणून मी बाजारातून चावीचा एक लहान स्विच आणला आणि बॅटरीकडून कंट्रोलरकडे जाणारी जाड लाल वायर कापून तिच्या मध्ये तो जोडला.

अंगणात चाक उचलून फिरवले तेव्हा सगळे ठीक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मळ्याकडे निघाले आणि मी व दादा मोटारसायकलवरून मागे निघालो. सपाट रस्त्यावर ते थ्रॉटल हलका ठेवून बेताने चालवत होते, तोवर काही झाले नाही. मात्र ओढ्यावरच्या पुलाचा चढ लागताच सायकलने दोन हिसके दिले आणि ती थांबली. मागून उसाच्या ट्रॉल्या येत होत्या. अण्णा खाली उतरले, सायकल हाताने धरून कडेला घेतली, चावी काढून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि काहीही न बोलता चालू लागले. दादा मला म्हणाला, "तुला सांगितलं होतं, हे खेळणं आहे. अण्णांना सरळ मोपेड घेऊन देऊ या."

त्या रागातच मी नवा कंट्रोलर मागवला. तो बसवल्यावरही सायकल त्याच चढावर त्याच प्रकारे थांबली, तेव्हा कुठे मी माझ्या धंद्यात रोज करतो ते केले. पुढचे चाक भिंतीला टेकवले, भावाच्या मुलाला सीटवर बसवून दोन सेकंदच थ्रॉटल पिळायला सांगितला आणि मल्टिमीटर लावला. थ्रॉटल पिळलेला असताना बॅटरीच्या टोकांवर ३८.१ व्होल्ट होते, पण त्याच अवस्थेत कंट्रोलरच्या तोंडाशी जेमतेम ३०.६ व्होल्ट पोहोचत होते. हातभर वायरीत साडेसात व्होल्ट हरवत होते. ३६ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टच्या आसपास बॅटरी संपली असे समजून मोटर बंद करतो. त्यामुळे भरलेली बॅटरी असूनही त्याच्या दृष्टीने ती रिकामीच होती.

चावीचा स्विच उघडून पाहिला. आतली पितळी पट्टी निळसर काळी पडली होती, तिला दाबून धरणाऱ्या बारीक स्प्रिंगमध्ये ताण उरला नव्हता आणि कडेचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका अंगाला झुकले होते. स्विचच्या पाठीवर ३ अँपिअर असे कोरलेले होते. चढावर कंट्रोलर १४-१५ अँपिअर ओढतो, तर चाक मोकळे असताना मोटर जेमतेम एक अँपिअर घेते. म्हणून अंगणातली परीक्षा पास झाली आणि पुलावरची नापास.

आपल्या सायकलमध्ये हाच प्रकार असावा असे आपल्या वर्णनावरून मला वाटते. जिथे जिथे जोड आहे, म्हणजे स्विच, फ्यूज, प्लग आणि वायरीच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे लग, त्या प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना मीटरची दोन टोके लावा आणि भार असताना आकडा पाहा. चांगल्या जोडावर तो शून्याच्या जवळपास असतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की तो जोड वीज खातो आहे असे समजा. मीटर नसेल, तर पाच मिनिटे जमेल तशी चालवून प्रत्येक जोडाला हात लावा, गरम लागेल तोच दोषी. चावी हवीच असेल, तर ती जाड वायरीवर कधीही लावू नका. बहुतेक कंट्रोलरना दोन जाड वायरींखेरीज बॅटरीच्या धन टोकाला जोडायची एक बारीक वायर असते, जिच्यामुळे कंट्रोलर जागा होतो. चावी त्या वायरीवर लावावी, कारण तिच्यातून अगदी थोडा प्रवाह जातो. मी तसे केले, जाड वायर २.५ चौरस मिलिमीटरची नवी टाकून थेट जोडली आणि त्याच दिवशी अण्णा न थांबता पूल चढले.

दादा आजही म्हणतो की घरी बनवलेल्या वस्तूचा भरवसा नसतो. मी त्याला तेव्हा सांगितले ते इथेही सांगतो. त्या दिवशी फसली ती कल्पना नव्हती, एक जोड फसला होता, आणि मोजायला घेतल्यावर तो दहा मिनिटांत सापडला, कारण सायकलचा प्रत्येक जोड माझ्या हातचा होता. शोरूममधून आणलेली गाडी बंद पडते तेव्हा दादा ती ढकलत दुकानात नेतो आणि दुकानदार सांगेल तो भाग मुकाट्याने बदलून घेतो. आपल्या घरीही कुणी "विकून टाक हे" असे म्हणत असेल, तर मोजणी झाल्याशिवाय त्यांचे ऐकू नका.

मात्र एका बाबतीत दादाचे म्हणणे मला मान्य करावे लागले, ती बाब म्हणजे ब्रेक. पावसात ओल्या रिमवर सळईचे ब्रेक मोटरच्या वेगाला पुरत नाहीत. आपली सायकल तशी असेल, तर आधी ब्रेक बदला. शिवाय बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टही भाराखाली धाडकन खाली येत असतील, तर दोष जोडांत नसून बॅटरीत किंवा तिच्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीचे रक्षण करणाऱ्या सर्किटमध्ये, आहे आणि वरचे सारे तिथे लागू पडत नाही. आणखी एक शक्यता अशी की, मोटरच्या तीन जाड आणि हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणाऱ्या) तीन बारीक सिग्नल-वायरींची जुळणी चुकली असूनही मोकळे चाक फिरू शकते; पण तेव्हा घरघर येते आणि मोकळ्या चाकालाही कित्येक अँपिअर लागतात. एक-दीड अँपिअरच्या आत प्रवाह असेल, तर जुळणी बरोबर आहे असे समजा.

काढून ठेवलेले ते दोन्ही कंट्रोलर टाकून देऊ नका. ते बहुधा चांगलेच आहेत.