अर्धा पिवळा कागद

प्रिय मित्रा,

तुझ्या रहस्यकथेची साठच्या साठ पानं वाचली, रात्री एक वाजेपर्यंत जागून. खून, पुरावे, संशयित सगळं जागच्या जागी आहे, पण एकही पान परत मागे जाऊन वाचावंसं वाटलं नाही रे. खचू नकोस, म्हणूनच तुला रेमंड चँडलर या अमेरिकन रहस्यकथा लेखकाबद्दल सांगतोय.

हा लॉस एंजेलिसच्या तेल कंपनीतला मोठा साहेब, १९३२ मधे दारू आणि दांड्यांपायी नोकरी गेली, वय ४४, आणि मग पल्प मासिकांसाठी, म्हणजे स्वस्तातल्या गोष्टींच्या मासिकांसाठी, लिहायला बसला. म्हणजे आधी शिकायला बसला. अर्ल स्टॅन्ली गार्डनर या दुसऱ्या रहस्यकथाकाराची एक कथा घेतली, तिचा अगदी बारीकसारीक सारांश काढला, त्यावरून तीच कथा स्वतः लिहिली, मग मूळ कथेशेजारी ठेवून आपण कुठे कमी पडलो ते बघितलं आणि परत लिहिली. छापायला नाही हं, हात बसायला. स्वतःच्या पहिल्या कथेला पाच महिने लागले, ती 'ब्लॅक मास्क' या पल्प मासिकामधे १९३३ च्या डिसेंबरात आली. पहिली कादंबरी 'द बिग स्लीप' थेट १९३९ ला.

आणि त्याचा कागद! पिवळा कागद अर्धा कापून टाइपरायटरला लावायचा, एका तुकड्यावर जेमतेम बारा-पंधरा ओळी. तेवढ्यात काहीतरी जादू दिसलीच पाहिजे हा हट्ट, आणि तुकडा एवढुसा असला की नाही जमलं तर फाडून नव्याने लिहायला जीवावर येत नाही. तू साठ पानं सलग लिहिलीस ना, म्हणून तुला एक ओळ खोडायचीही भीती वाटते.

संवादाचंही तेच. दिग्दर्शक बिली वाइल्डरबरोबर 'डबल इन्डेम्निटी' सिनेमाची पटकथा लिहिताना चँडलरचं म्हणणं होतं की जेम्स केनच्या मूळ कादंबरीतले संवाद डोळ्यांना छान वाटतात, कानाला नाही. नटांकडून मोठ्याने वाचून घेतले आणि खरंच पडले. मग संवाद नव्याने लिहिले, आणि त्या पटकथेला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. तुझा इन्स्पेक्टर बोलतो ते एकदा दार लावून मोठ्याने वाच, तुलाच कळेल.

दारू मात्र त्याच्याकडून अजिबात घेऊ नकोस. १९५४ ला बायको सिसी गेली आणि दारूने त्याला पार पोखरलं, १९५९ ला तोही गेला.

घ्यायचंच तर त्याचे चार तास घे, त्या वेळात लिहायचं नाहीतर नुसतं बसायचं, वाचन नाही, पत्रं नाहीत, काही नाही. तुझी नोकरी आहे, तू पाऊण तास कर, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. दुसऱ्या प्रकरणातला जिन्यातला सीन आधी घे आणि तेवढाच, अर्ध्या पानावर, रविवारपर्यंत पाठव.

तुझाच,
काका